आतोबांचे बूट आणि लक्ष्मीची रेती

स्वतःच्या पायांपेक्षा बुटांवर जास्त जीव असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला होता. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शाळा-तपासनीस होते. महिन्यातले वीस दिवस त्यांचा मुक्काम रामटेक, पारशिवनी, कन्हान या बाजूच्या खेड्यांत. तिकडे इतर साहेब लोक बैलांच्या दमणीत बसून डुलक्या घेत जात, आतोबा मात्र फटफटीवरून जात. फटफटी त्यांनी एका जंगल-अधिकाऱ्याकडून जुनी घेतली होती आणि तिच्याबरोबर गुडघ्यापर्यंत येणारे तांबूस चामड्याचे विलायती बूट आले होते. खरं सांगायचं तर आतोबांनी बूट घेतले होते आणि फटफटी त्यांच्याबरोबर आली होती. फटफटी पावसात भिजत उभी असली तरी त्यांना काही वाटत नसे. एकदा ती नाल्यात आडवी झाली तेव्हा त्यांनी आधी पाय वर केला आणि मग हात पुढे केला, त्यामुळे मनगट मोडलं आणि बूट वाचला. "हाड जुळते बाबू, चामडं जुळत नाही," हे त्यांनी मला दवाखान्यात, गळ्यात हात बांधलेला असताना, अगदी समाधानानं सांगितलं होतं.

दौऱ्यावर बुटांची जी पूजा चाले तिला षोडशोपचारही कमी पडावेत. मुक्कामाला पोचलं की चहा नाही, पाणी नाही, आधी पाटावर बसून बूट काढायचे. चिखल ओला असताना हात लावायचा नाही आणि पुरता वाळू द्यायचा नाही. तो अर्धा सुकला की बांबूच्या कामटीनं सोलून काढायचा. त्यासाठी टक लावून बसावं लागे आणि त्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मग ओल्या फडक्यानं पुसणं, नाडीच्या भोकांतून मोराच्या पिसाचा देठ फिरवणं, बोटांनी एरंडेल चोळणं. चूल आणि ऊन ही त्यांच्या लेखी चामड्याची दोन सख्खे वैरी. बूट नेहमी सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून उभे असत. बोळे दर दोन तासांनी बदलायचे आणि काढलेले बोळे उलगडून वाचायचे. साऱ्या जगाची हालहवाल त्यांना अशी बुटातून, जराशी दमट आणि दोन दिवस उशिरा कळे. एकदा मी विलायतेतल्या कुठल्याशा राजकारणाबद्दल विचारलं तर म्हणाले, "अर्धं वाचलं गा. बाकीचं डाव्या बुटात आहे, वाळू दे."

हे सगळं होईपर्यंत शाळेची तपासणी तिष्ठत राही. पोरं पावकी-निमकीचे पाढे म्हणून म्हणून घसा कोरडा करत आणि मास्तर लोक आतल्या आत देवाचे आभार मानत. पुढे पुढे मास्तर शहाणे झाले. साहेब येणार अशी कुणकुण लागली की सकाळीच शाळेसमोरच्या वाटेवर चार घागरी पाणी ओतून ठेवत. आतोबा चिखलात उतरले की दुपारपर्यंत शाळा सुरक्षित. तरी आतोबांना वर्षानुवर्षं संशय आला नाही. शेऱ्याच्या वहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "शाळेपुढे बारमाही चिखल. शिक्षकवर्ग मात्र प्रसन्न." आत्या या साऱ्याला विटून गेली होती. "त्या बुटायले जेवढं तेल चोळलं ना, तेवढं माह्या केसायले चोळलं असतं तर केस जमिनीले टेकले असते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. आतोबा म्हणत, "टेकले असते तर धुवावे लागले असते वं."

आता अशा माणसाला कोणी मुलगी पाहायला बरोबर नेईल का? पण माझा इलाज नव्हता. माझे वडील वारलेले, घरात वडीलधारे म्हणून एकटे आतोबा. आणि मुलगी साधीसुधी नव्हती. पारशिवनीकडच्या एका मालगुजाराची ती लेक, नागपुरात मामाकडे राहून शिकत होती, आणि मी तिला वाचनालयात तीनदा पाहिलं होतं. तिन्ही वेळा मी हातात पुस्तक उलटं धरलं होतं. ही सोयरीक जमली नाही तर मी जन्मभर तसाच राहीन, असं आईला सांगून बसलो होतो. आई म्हणाली, "देवाचं नाव घे नि जा. आतोबायले सांगजो, फटफटी दाराशी लावा नि सरळ आत या."

दिवाळी चार दिवसांवर आली होती. वाटेत एका नाल्याला अजून मांडीभर पाणी होतं. नवा कोट सांभाळत मी मागे बसलेलो. फटफटी मध्येच बंद पडली आणि आतोबा दोन्ही पायांनी पाण्यात उतरले. वर आले तेव्हा बुटांतून पाणी चुळचुळत होतं, आणि बोळ्यांची पिशवीही भिजून लगदा झाली होती. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की पुढे कोणी गेल्याचीच बातमी सांगायची आहे. मालगुजारांच्या दारात पोचलो तर सारं घर मला पाहायला पुढच्या ओसरीवर लोटलं. मालगुजार म्हणाले, "या पाहुणे, या." आतोबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," आणि बूट हातात घेऊन अनवाणी मागच्या अंगणाकडे गेले.

पंधरा मिनिटांनी ते हसतमुखानं येऊन माझ्याजवळ बसले आणि कानात म्हणाले, "नशीब पाहा, मागं कढईत रेती सापडली. कोपर लावून पाहिलं, बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट. दोन्ही बूट गच्च भरले." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण त्याच वेळी मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओठ दाबून हसली. वाचनालयातलं उलटं पुस्तक तिनंही पाहिलं होतं, हे त्या हसण्यात मला कळलं. मी स्वर्गात होतो, आणि तेवढ्यात मागून तिच्या आईची किंकाळी आली, "अगं आई वं! लक्ष्मीची रेती!"

झालं होतं ते असं. त्या घरात लक्ष्मीपूजनाच्या लाह्या घरच्याच धानाच्या, घरीच तापल्या रेतीत फोडायच्या. त्यासाठीची रेती सासूनं सुनेला द्यायची, अशी चार पिढ्या चालत आलेली. वर्षभर ती मडक्यात तोंड बांधून ठेवत आणि दिवाळीआधी एकदाच कढईत घालत. रेती कढईत घालून नुकती चुलीवर ठेवली होती, नवरदेव आला म्हणून बायका पुढे धावल्या, आणि तेवढ्या वेळात ती सोवळ्यातली रेती आतोबांच्या चामड्याच्या बुटांत जाऊन बसली. आम्ही मागे गेलो तेव्हा मुलीच्या आईनं दोन्ही बूट काठीनं ढकलत कुंपणापाशी नेऊन टाकले होते आणि ती पदर डोळ्यांना लावून उभी होती. "आता लक्ष्मीपुढं काय ठेवू मी?" एवढंच म्हणत होती. मालगुजारांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे तर मी आणखीच घाबरलो. "पाहुणे, विचारलं काहून नाही? ते रेती माह्या आजीच्या हातची होय. सणाच्या तोंडावर असा अपशकुन झाला, आता या सोयरिकीचं राहू द्या."

आतोबा काहीतरी शास्त्र सांगतील, कोमटपणाचं समर्थन करतील असं वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि विचारलं, "नदी किती दूर आहे?" मग टोपली उचलली आणि अनवाणीच चालू लागले. मी कोट काढून मागे धावलो. नदीत आधी त्यांनी अंगावरच्या कपड्यांसकट बुडी मारली, मग मध्यावरची रेती काढून टोपलीत घोळायला सुरुवात केली. पाणी गढूळ निघेना झालं तरी घोळतच होते. परत येऊन त्यांनी रेती आपल्या नव्या कोऱ्या उपरण्यावर पसरली, चाळली, आणि मांडी घालून एकेक शिंपल्याचा तुकडा, एकेक काडी चिमटीत धरून काढू लागले. ओसरीवरून मालगुजार पाहत होते, दाराआडून बायका पाहत होत्या, आणि मी नुसता उभा होतो, कारण मला ते हात लावू देत नव्हते.

डोक्यावर कडक ऊन आलं. कुंपणापाशी बूट तसेच, रेतीसकट, उन्हात तापत पडले होते. मुलगी सूप घेऊन बाहेर आली. तिनं आधी बुटांकडे पाहिलं, मग आतोबांकडे, आणि हळूच म्हणाली, "तुमचे बूट उन्हात हायेत. सावलीत करू का?" आतोबांचा हात थांबला. मान वळवून त्यांनी बुटांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलो नाही. मग पुन्हा रेतीवर वाकून म्हणाले, "राहू दे बाई. आधी हे होऊ दे."

उतरत्या दुपारी मुलीच्या आईनं ती रेती कढईत घातली, चूल पेटवली आणि मूठभर धान टाकलं. सारे कढईभोवती वाकले. लाह्या फुटल्या, पांढऱ्याशुभ्र, मोगऱ्यासारख्या. मुलीची आई हळूच म्हणाली, "फुलल्या." मालगुजार खाली उतरले, आतोबांसमोर बसले आणि म्हणाले, "जो माणूस रेती अशी धुते, त्याच्या घरात माही पोरगी सुखात राहीन." तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिला मुहूर्त धरायचं तिथंच ठरलं.

निघताना आतोबांनी बूट झटकून पायांत घातले. चामडं लाकडासारखं टणक झालं होतं आणि घोट्यापाशी आरपार तडे गेले होते. मी म्हणालो, "आतोबा, तुमचे बूट." ते म्हणाले, "असू दे." कन्हानच्या पुलावर मान न वळवता म्हणाले, "तुहा बाप असता तर अशी चूक झाली नसती रे. त्यानं आधी विचारलं असतं."

मला म्हणायचं होतं की बाबा भारी तापट होते. तो काठीनं ढकललेला बूट पाहून ते ताडकन उठले असते आणि मला दुसरीकडे मुलगी दाखवायला नेलं असतं. माझ्यासाठी दिवसभर रेती धुवायला ते बसले नसते. पण फटफटीच्या आवाजात काय ऐकू जाणार, अशी स्वतःची समजूत घालून मी तो पूल ओलांडू दिला. लग्नानंतर दर दिवाळीला माझी बायको लाह्यांची पहिली वाटी आतोबांना पाठवी. पोचवायला मीच जात असे. ते असेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं गेलो, आणि दरवेळी वाटी हातात देऊन, पुलावरचं ते तसंच मनात ठेवून परत आलो.