बाबांनी सांगितलेली घरं

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. माती, साचे, रंग हे दादाचं; डोळ्यांची आखणी बाबांची; आणि माझं काहीच नाही. मी लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावात आले आणि धाटावच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागले. लहानपणी मी सुकायला ठेवलेल्या एका गणपतीचा कान मोडला होता. तेव्हापासून कारखान्यात मला चहा आणण्यापलीकडे कुणी काम सांगितलं नाही, आणि तो राग मी चांगला जपून ठेवला होता.

आमची जुनी गिऱ्हाइकं चित्र बघून मूर्ती निवडत नाहीत. आषाढात घरचा पाट आणून ठेवतात, वर सुपारी ठेवतात आणि म्हणतात, “गेल्या साली होता तसाच.” तसाच म्हणजे कसा, ते फक्त बाबांना ठाऊक. एका घराला उंदीर उजव्या अंगालाच लागतो. एका घरी आजेसासूच्या नवसामुळे पीतांबर पिवळा नाही, डाळिंबी. नागोठण्याच्या एका घरातलं मखर बुटकं, म्हणून मुकुट दोन बोटं कमी. अशी शंभरावर घरं, आणि कागदाचा एक कपटा नाही. “लिवलं की मानूस विसरतो,” असं बाबा म्हणायचे, आणि वर माझ्याकडे बघून हसायचे, कारण मी भाजीची यादीसुद्धा फोनमध्ये लिहून नेते.

दिवाळीनंतर बाबांच्या यकृताचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून सांगितलं, की पुढचा पावसाळा बघतील असं वाटत नाही. दादा फोनवर रडत म्हणाला, “बाबांबरोबर सगळी घरं जातील गो.” मी म्हटलं, मी उतरवून घेते. खरं सांगायचं तर त्या दुःखातही मला थोडा आनंद झाला. कारखान्याला पहिल्यांदाच माझी गरज पडली होती.

एक दोनशे पानी वही पुरली असती. पण मी पडले शिकलेली बाई. मी वेबसाइट केली.

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक ॲप्लिकेशन, जे पडद्यावर फॉर्म दाखवतं. दुसरा डेटाबेस, ज्याच्या तक्त्यांत माहिती टिकून राहते. ॲप्लिकेशनला स्वतःची अशी आठवण नसते. सुरू होताना ते एका फाइलमधून डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड वाचतं आणि तिकडे जोडून घेतं. भाड्याच्या सर्व्हरवर मी डेटाबेस बसवला, तक्ते केले, पत्त्याची फाइल लिहिली, रोज आपोआप बॅकअप निघेल अशी व्यवस्थाही केली. एक जुनी सोय मात्र तशीच राहून गेली. घरी काम करताना दर वेळी डेटाबेस चालू करायचा कंटाळा, म्हणून मी लिहून ठेवलं होतं की पत्ता सापडला नाही तर ॲप्लिकेशनने अडून बसू नये, मेमरीत तात्पुरता डेटाबेस करून चालू पडावं. तो अगदी खऱ्यासारखा वागतो. फक्त ॲप्लिकेशन बंद केलं की पुसला जातो. कंपनीत नव्या पोरांनी असलं काही केलं तर मी त्यांना सोलून काढते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माघापासून दर रविवारी मी रोह्याहून सकाळची गाडी धरून पेणला जायचे. बाबा कारखान्यातच खुर्चीत उशीला टेकून बसायचे. “लिव गो, वडखळच्या पुढचं कौलारू घर,” अशी सुरुवात व्हायची. मी टाइप करून ‘जतन करा’ दाबायचे, की घर यादीत दिसायचं. मग त्यांना यादी दादाच्या फोनवर दाखवायची. ते बोट फिरवत म्हणायचे, “आता मेलो तरी चालंल.” मी चिडायचे. पण आतून फुगायचे.

चैत्र संपता संपता घरंही संपली. पुढच्याच आठवड्यात बाबा गेले.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, वेबसाइटवर बाबांचा फोटो लाव. मी फोटो लावला, नावाच्या आधी ‘कै.’ लिहिलं, आणि बदल दिसावा म्हणून ॲप्लिकेशन बंद करून परत चालू केलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. बाबांचा फोटो छान आला. खाली यादीच्या जागी मीच कधीतरी लिहिलेलं वाक्य होतं: ‘एकही नोंद नाही.’

आधी वाटलं, जोडणी तुटली असेल. मग कळलं, ती कधी झालीच नव्हती. पत्त्याची फाइल मी एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि ॲप्लिकेशन ती शेजारच्या फोल्डरमध्ये शोधत होतं. तिथे ती नव्हती, म्हणून माझ्याच हुकमाप्रमाणे ते न अडता मेमरीतल्या तात्पुरत्या डेटाबेसवर चालू पडलं होतं. तसं त्याने पहिल्याच दिवशी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, एका ओळीत लिहूनही ठेवलं होतं. मी वाचलं नव्हतं. बॅकअप उघडले. रोजचा एक, सगळे जागेवर, सगळ्यांत रिकामे तक्ते. बॅकअप निघाल्याचा निरोप रोज फोनवर यायचा आणि मी बरं वाटून घ्यायचे.

दादाला सांगायला पेणला गेले. मला वाटलं होतं ओरडेल. माझंच डोकं लवकर फिरतं, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसाशी मला निभावता येतं. तो साच्याला तेल लावत होता, ते लावतच राहिला. मग म्हणाला, “परत जोडता नाय येनार?” मी म्हटलं, जोडलंय रे, दोन मिनिटांचं काम होतं. पण आता तिकडे काहीच नाही. तो म्हणाला, “तूच लिवलंयस ना? आठवंल तुला.” आणि मलाही ते पटलं. मी कागद घेऊन बसले. बावीस घरं आठवली, तीही अर्धीमुर्धी. टाइप करताना मी ऐकत नव्हते.

आषाढात पाट येऊ लागले. लोक जमेल तेवढं सांगत, दादा जमेल तेवढं करी. एका रविवारी दुपारी मी कारखान्यात असताना खाडीकडची एक बाई आली, जन्मभर मिठागरावर राबलेली. पाट ठेवून म्हणाली, “डोले आमचे तसेच काढा. म्हातारा खाटेवर पडून असतो, उठवत नाय त्याला. तुमचा बाप घरी येऊन त्या खाटेवर निजून बघून गेला व्हता. तवापासून म्हातारा म्हनतो, देव माज्याकडं बघतोय.”

दादाने विचारलं, “म्हंजे नेमके कसे, काकू?”

“ते मला काय ठावं? लेकीनं लिवून घेतलंय म्हनाला व्हता तुमचा बाप.”

दादाने माझ्याकडे बघितलं. ते घर मला आठवलं. स्वच्छ आठवलं. बाबांनी त्या दिवशी हात वर उचलून हवेत कोन दाखवला होता, खाट कुठल्या भिंतीला, बुबुळ किती खाली, असं सावकाश सांगायला घेतलं होतं. फॉर्मच्या त्या रकान्याला मी दोनशे अक्षरांची मर्यादा घातली होती. पडद्यावरची नजर न काढता मी म्हणाले होते, “बाबा, थोडक्यात सांगा, एवढं मावत नाही.” बाबांनी हात खाली घेतला. “बरं,” म्हणाले, आणि पुढचं घर सांगायला लागले.

बाई गेल्यावर मी दादाला म्हटलं, हे घर पुसलं गेलं नाही रे. हे मी लिहूनच घेतलं नव्हतं.