माठाला हात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला 'बाई' म्हणून ओळखत नाही. ओळखत असतात तर — नसतंच सांगितलं.

निवृत्त झाल्यापासून मला शाळांतून भाषणाला बोलावतात. बदलापूरला, अंबरनाथला. विषय ठरलेला — वर्गात कुणाला छळत असतील तर बघ्याची भूमिका घेऊ नका. मी छान बोलते. एकाने तरी उठायला हवं, असं म्हणते. पोरं टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापिका श्रीफळ देतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तो नारळ मी घरी फोडते, खोबरं भाजीत घालते, आणि ते मला गोडही लागतं — आहे की नाही निर्लज्जपणा?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची शाळा उल्हासनगर कॅम्प पाचला, सहावीचा वर्ग माझ्याकडे. वर्ग इतका शांत की मुख्याध्यापक इतर बाईंना दाखवायला आणत. त्यामागे माझा एक नियम होता — चुगली करणाऱ्याला आधी शिक्षा. कुणी कुणाचं नाव घेऊन आलं, की त्यालाच फळ्यापाशी उभं करायचं आणि 'मी चुगलखोर आहे' असं मोठ्याने म्हणायला लावायचं. वर्ग हसायचा. मीही हसायचे. याला मी शिस्त म्हणत होते.

त्या वर्षी सुजाता नवीन आली. तिची आई घरी जीन्सच्या पँटींचे धागे कापायची — तिकडे तेव्हा घरोघर हे काम — आणि शाळेआधी सुजाताही सोबत बसायची. कोऱ्या कापडाचा रंग बोटांना लागतो, साबणाने जात नाही. तिची बोटं कायम निळी.

वर्गाच्या दाराशी पाण्याचा माठ होता, त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. जयश्री नावाच्या मुलीने ठरवून टाकलं, सुजाताने माठाला हात लावायचा नाही. तिने ओंजळ धरायची, दुसऱ्या कुणी वरून पाणी सोडायचं. मी विचारलं, तर जयश्री म्हणाली, "बाई, हिच्या हाताचा कलर जातो ना, माठात उतरेल."

आता तुम्हीच सांगा, ओंजळीत वरून पाणी सोडणं म्हणजे काय, हे मला कळलं नसेल? सुजाताच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. धागे कापणाऱ्या घरच्या आणखी मुली वर्गात होत्या, त्यांचीही बोटं निळी — त्या खुशाल माठातलं पाणी घेत. मी "बरं" म्हटलं आणि हजेरी घ्यायला लागले.

जयश्री माझ्या घरमालकांची मुलगी. माणूस फटकळ, खोली सोडा म्हणायला कमी केलं नसतं. भीतीने गप्प बसले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. म्हणजे भीती होतीच, पण — कसं सांगू — सुजाता वर्गात आली त्याच आठवड्यात मी त्या माठाचं पाणी प्यायचं सोडलं होतं. घरून बाटली आणू लागले होते. जयश्रीला हे दिसलं नसेल? पोरांना सगळं दिसतं.

सुजाताने पाणी पिणंच कमी केलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, माझ्या बाटलीतलं. जरा लांबूनच.

दुसऱ्या दिवशी कल्पना माझ्या टेबलापाशी आली. सुजाताच्या शेजारी बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "बाई, कलर नाय उतरत. मी माझ्या ग्लासात तिचा हात बुडवून बघितला. मग ते पाणी प्यायले पण. जयश्री खोटं बोलते."

अकरा वर्षांची पोर. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आज ज्या मुलीसाठी मी गावोगाव भाषणं ठोकते, ती माझ्या पुढ्यात उभी होती. 'बरोबर आहे तुझं', एवढंच मी म्हणायचं होतं. सुजाता त्या शाळेत टिकली असती.

मी कल्पनाला फळ्यापाशी उभं केलं. तिचा आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. वर्ग हसला. सुजाता मान खाली घालून बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुजाता आलीच नाही. शाळा सोडली, एवढं कानावर आलं. पुढे ती शिकली की नाही, कुठे गेली — मी चौकशी केली नाही. घर काही लांब नव्हतं.

पण मला सोडत नाही तो सुट्टी लागण्याआधीचा दिवस. मधल्या सुट्टीत सुजाता माठापाशी ओंजळ धरून उभी होती आणि ओगराळं कल्पनाच्या हातात होतं. तिने हात उंच नेला, जयश्री न्यायची तेवढाच, आणि वरून पाणी सोडलं. मग माझ्याकडे बघितलं — आता बरोबर केलं ना, असं.

मी तिला "शाब्बास" म्हणाले.