तांदळाचं पीठ आणि पखवाज

मुलीने पखवाजाला हात लावायचा नाही, असा आमच्या वाडीत नियम होता. तो कोणी केला, असं विचारलं की मोठी माणसं विहिरीवर पाण्याला पिटाळत. अशा नियमांची मला तेव्हापासून चीड आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, देवळात भजनाला पखवाज वाजवत. त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे एकामागोमाग मुंबईला नोकरीला गेले. मी चौदा वर्षांची, घरातच होते, पण मला काही ते शिकवीनात. मग मी पडवीत बसून स्वतःच्याच मांडीवर 'ता' आणि 'तिट' हे बोल बडवू लागले. आठेक दिवसांनी आतून आबांचा आवाज आला, "मनगट सैल सोड. हात पडलो काय लगेच उठाक व्हयो, चिकटून रवलो तर आवाज मरता." एवढंच. याला शिकवणं म्हणायचं नाही, असं आमचं न बोलताच ठरलं.

एकोणीसशे साठच्या सुमारास ऐन सप्ताहात आबांना हिवतापाने गाठलं. सप्ताहात सात दिवस भजन थांबता कामा नये. प्रत्येक वाडीने आपला पहार, म्हणजे ठरलेली पाळी, सांभाळायचा. आमचा दुपारचा. पखवाजाशिवाय पहार म्हणजे वाडीची नाचक्की. मी पखवाज उचलला आणि निघाले. त्याच्या डाव्या बाजूला भिजवलेलं पीठ थापलं, तरच तो घुमतो. आबा ते देवळात थापत आणि आम्हा बायकांची जागा पार मागे, त्यामुळे ते कसलं पीठ हे मला कधी दिसलं नव्हतं. आमच्या घरात पीठ म्हणजे तांदळाचं. मी तेच थापलं.

देवळात वाजवायला बसले, तर थोड्याच वेळात ते भेगाळलं आणि माझ्या परकरावर पडलं. पुरुष हसले. देवळाचा मानकरी म्हणाला, "देवान दाखवल्यान."

"देवान नाय, तांदळान," मी म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला होता, रडूही येत होतं. टाळ चालूच होते. मी उठून मागच्या खोपीत गेले. तिथे नैवेद्याच्या पुऱ्यांसाठी बायकांनी गव्हाची कणीक मळून ठेवली होती. तिचा गोळा तोडला. एकीनेही माझा हात धरला नाही.

"नैवेद्याची कणीक गो ती," मी गोळा घेऊन परतताच मानकरी ओरडला.

"मगे? वाजवतंय ता देवाकच ना?"

कणीक डाव्या बाजूला थापली, ती चिकटून राहिली, आणि पहार संपेपर्यंत वाजवलं. दोनदा चांगलीच चुकले, पण थांबले नाही. निघताना मानकऱ्याने बजावलं, "औंदा झाला ता झाला. फुडल्या वर्सा इचारून बस."

पुढच्या वर्षी आबा ठणठणीत होते. मी त्यांच्या आधी जाऊन पखवाजापुढे बसले, कोणालाही न विचारता. आबा आले, माझ्याकडे पाहिलं आणि टाळ घेऊन शेजारी बसले.