राउंडअबाउट्स, एक तरी मॅच जिंका!

आधीच सांगून टाकतो, माझ्या स्मरणशक्तीवर मी स्वतःच फारसा विश्वास ठेवत नाही. गॅस बंद केला का, हे तीनदा जाऊन बघणारा माणूस आहे मी. त्यामुळे पुढच्या किश्श्यांतला पाऊस नेमका कोणत्या मॅचला पडला, हे छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या सुमतीच्या मते पाऊस सगळ्याच मॅचना होता!

पण सतत हरणाऱ्या टीमबरोबर दोन उन्हाळे काढले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गॅरेजमध्ये रिकामे खोके साठतात ना, तसे ते साठत जातात. आणि फेकवतही नाहीत.

टीम आमची मिल्टन कीन्सची. खेळ बेसबॉल. हो, इंग्लंडमध्ये, बेसबॉल! गावात जिकडे बघावं तिकडे राउंडअबाउट, म्हणजे गाड्या गोल फिरून जातात ते चौक, म्हणून टीमचं नावही राउंडअबाउट्स. बेसबॉलमध्ये बॅटर चार बेसचा, म्हणजे चार कोपऱ्यांचा, फेरा मारून जागेवर परत आला, की एक रन मिळतो.

आमचे लोक निघायचे. परत यायचे नाहीत!

*

मी या भानगडीत पडलो तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. रिटायर झालो होतो. जन्मभर युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवलं आणि प्रत्येक लेक्चरनंतर, आपण चुकीचं तर नाही ना शिकवलं, या काळजीने घरी येऊन पुस्तक उघडलं. असा माणूस रेडवेवरून, म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठी केलेल्या लाल वाटेवरून, एकटा चालत असताना मैदानावर काही मंडळी बॅट घेऊन दिसली. मी कुंपणापाशी थांबलो.

कॉलिन नावाचा एक जाडजूड माणूस माझ्याकडे आला. हा टीमचा मॅनेजर, पोटापाण्यासाठी लॉरी चालवणारा.

"तुमच्या खिशात पेन आहे," तो म्हणाला.

"हो. दोन आहेत," मी घाबरून म्हणालो.

"मग तुम्ही आमचे स्कोअरर!"

घरी येऊन सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला त्या खेळातलं काही कळतं का?"

मी म्हणालो, "नाही. पण कॉलिनलाही फारसं कळत नसावं."

*

पहिल्याच मॅचला मी टीमला हरवलं. मी, एकट्याने!

टीममध्ये आपली दोन मुलं होती, दोघंही सॉफ्टवेअरवाले. पुण्याचा अनिकेत आणि नागपूरचा प्रशांत. क्रिकेटवर वाढलेली. क्रिकेटमध्ये कसं, फॉर्म बघून कुणालाही वर पाठवता येतं. बेसबॉलमध्ये मॅचच्या आधी बॅटिंगची यादी द्यावी लागते आणि तो क्रम शेवटपर्यंत पाळावा लागतो. हे दोघांनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हाडात मुरणं वेगळं.

नंबर अनिकेतचा होता. तो प्रशांतला म्हणाला, "तुझा हात बसलाय आज, तू जा आधी!" प्रशांत गेला आणि त्याने असा सणसणीत फटका मारला, की आमचे दोन जण फेरा पूर्ण करून आले. सगळे नाचायला लागले.

मी उभा राहिलो आणि चांगल्या खणखणीत, वर्गातल्या आवाजात म्हणालो, "एक्स्क्यूज मी! हा प्रशांतचा नंबर नव्हता!"

समोरच्या मॅनेजरच्या हे गावीही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून टोपी काढली आणि अंपायरकडे अपील केलं. अनिकेत आउट, दोन्ही रन रद्द. मॅच आम्ही एका रनने हरलो.

कॉलिन माझ्या टेबलापाशी आला. ओरडला नाही, तेच जास्त लागलं. माझ्या पीएच.डी.मुळे तो मला डॉक म्हणायचा. "डॉक, होम टीमचा स्कोअरर म्हणजे अंपायरचा भाऊ. नंबर चुकलेला दिसला, तरी त्याने कुणालाही सांगायचं नाही. आपल्यांनाही नाही, त्यांनाही नाही. रूलबुकात आहे."

"आणि पाहुण्या टीमचा स्कोअरर?"

"तो मोकळा आहे. आपल्या मॅनेजरला काय वाटेल ते सांगू शकतो."

मी घरी जाऊन रूलबुक तपासलं. कॉलिन बरोबर होता. दुसऱ्या दिवशी परत तपासलं. तरीही तोच बरोबर!

*

तो सीझन आम्ही एकही मॅच न जिंकता संपवला. पुढच्या सीझनच्या तोंडावर लीगचं पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. यंदाही एक मॅच जिंकला नाहीत, तर तुमची जागा दुसऱ्या टीमला देऊ. शिवाय गावच्या कौन्सिलनेही कळवलं होतं, की लीगमध्ये टीम नसेल तर मैदान फुटबॉलवाल्यांना जाईल.

म्हणजे एक मॅच. सगळ्या उन्हाळ्यात फक्त एक!

कॉलिनने पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग त्याची नीट आठ पदरी घडी घातली, खाली वाकला आणि ती माझ्या स्कोअरिंगच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

टेबल हलायचं थांबलं.

"लीगने आपल्यासाठी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नका," तो म्हणाला.

*

आमची हाउन्सलोची मॅच म्हणजे विमानांची मॅच. गाव मोठ्या एअरपोर्टला लागून, त्यामुळे त्यांच्या मैदानावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचं आणि त्यांची टीम सगळी एअरपोर्टवर काम करणारी. ते मान वर करून बघतसुद्धा नसत. आमचे लोक प्रत्येक विमान बघत. प्रशांतने तर एकदा एअर इंडिया ओळखायच्या नादात कॅच सोडला!

तिथे माझी पॅमशी ओळख झाली. पॅम त्यांची स्कोअरर. वय माझ्याएवढंच, बस चालवून रिटायर झालेली. दोन्ही टीमचे स्कोअरर एकाच टेबलाशी बसतात, त्यामुळे गप्पा झाल्या. तिचं स्कोअरबुक बघून मला माझ्या अक्षराची लाज वाटली. खोडरबर ती वापरतच नसे.

तिच्यासमोर टॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात एकच लाल पेन्सिल.

"ही कशासाठी?" मी विचारलं.

"तुमचा कुणी नियम मोडला, की माझ्या बुकात त्या खेळाडूच्या चौकटीत लाल टिंब द्यायचं आणि पेन्सिल वर करायची. आमचा मॅनेजर येतो. इथे आमच्या मैदानावर चुकलेला नंबर सोडून बाकी सगळं, तुमच्या मैदानावर आले की नंबरसुद्धा."

त्या दिवशी डब्याचं झाकण तीनदा वाजलं. आमचा एक जण दुसऱ्या बेसला पाय न लावता पुढे पळाला होता. झाकण, टिंब, पेन्सिल वर, मॅनेजर, अपील, आउट! बाकी दोन वेळाही तेच.

प्रशांत पाणी प्यायला आला आणि मराठीत म्हणाला, "सर, ही बाई आहे की सीसीटीव्ही?"

पॅमने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हणालो, "तुमची नजर तीक्ष्ण आहे म्हणतोय."

"बस चालवताना सवय झाली," पॅम म्हणाली. "आरशात सगळं बघायचं. बोलायचं मात्र जेव्हा आपल्याला वाटेल तेव्हा."

*

लेस्टरला आम्ही एकोणीस विरुद्ध दोन असे हरलो. परतताना सगळे बेलग्रेव्ह रोडवर खायला थांबलो. गणवेश अंगावरच, गुडघ्यांना चिखल. दुकानाचे मालक गुजराती, वयस्कर, क्रिकेटचे शौकीन. त्यांनी विचारलं, "कितने रन बनाये?"

अनिकेत म्हणाला, "दो."

काका हबकले. "पूरी टीम ने? दो?"

त्यांनी न मागता एक प्लेट जिलेबी आणून ठेवली. कुणाच्या घरी वाईट बातमी आल्यावर शेजारी डबा आणून ठेवतात, अगदी तशी.

मला काय झालं कोण जाणे. मी, ज्याला हॉटेलात चमचा मागायलाही संकोच वाटतो, तो मी उठून उभा राहिलो आणि हिंदीत सांगून टाकलं, "हे बघा, आम्ही हरलो. गेल्या वर्षीही हरलो. पण नऊच्या नऊ जण दर रविवारी मैदानावर असतो आणि पुढच्या वर्षीही तुमच्या गावात येऊन खेळणार आहोत!"

माझे कान गरम झालेले. आपण हिंदी चुकीचं बोललो का, हीच चिंता.

काका म्हणाले, "आइये, आइये. जलेबी गरम रखूँगा."

*

शेवटच्या मॅचच्या आदल्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. दोन वर्षांचे सगळे आकडे घेऊन, आपण जिंकण्याची शक्यता किती, हे गणित मांडलं. उत्तर इतकं लहान आलं की मी ते पुन्हा तपासलं. तपासल्यावर आणखी लहान आलं.

प्रॅक्टिसला मी तो कागद घेऊन गेलो. प्रामाणिकपणाची खोड, दुसरं काय! कॉलिनने कागद वाचला आणि विचारलं, "डॉक, या गणिताप्रमाणे शून्य येतं का?"

"नाही. शून्य नाही येत."

कॉलिन वळून टीमला ओरडला, "ऐकलं का? डॉक म्हणतोय आपण जिंकू शकतो!"

घरी सुमती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, पण इतकं सोपं करून कधी सांगितलं नाहीत."

*

आणि मग ती शेवटची मॅच. आमच्याच मैदानावर, हाउन्सलोविरुद्ध. पाऊस नव्हता. निदान मला तरी आठवत नाही. टेबलाशी डावीकडे मी, उजवीकडे पॅम आणि तिचा डबा. टेबलाच्या पायाखाली लीगचं पत्र.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे होतो. दोन जण आउट. आमचे दोन जण बेसवर उभे. आणखी एक आउट म्हणजे मॅच गेली, टीम गेली, मैदानही गेलं.

नंबर प्रशांतचा होता. त्याच्यानंतर अनिकेत.

प्रशांतने हातमोजे घातले. मग काढले. तो अनिकेतला काहीतरी म्हणाला. अनिकेतने त्याच्या खांद्यावर थोपटलं, बॅट उचलली आणि चालत गेला.

क्रिकेट! पुन्हा तेच क्रिकेट!

कॉलिन तिसऱ्या बेसपाशी उभा राहून पळणाऱ्यांना इशारे देत होता, त्याचं लक्ष नव्हतं. हाउन्सलोवाल्यांना आमच्या मुलांचे चेहरे वेगळे ओळखता येत नसावेत. मला मात्र दिसत होतं. उभं राहून सांगावं असं माझा प्रत्येक स्नायू म्हणत होता. परीक्षेत कधी सख्ख्या भाच्यालाही एक मार्क वाढवून न दिलेला माणूस मी. आणि नियम म्हणत होता, गप्प बस.

मी टेबलाची कड धरली आणि गप्प बसलो.

अनिकेतने पहिलाच बॉल मारला. बॉल उजवीकडच्या कोपऱ्यात, कुंपणापर्यंत. एक जण आला, मागोमाग दुसरा आला. जिंकलो! सुमती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, तिचा डोक्याचा रुमाल तिच्या हातात. कॉलिन गवतावर बसून रडत होता. कॉलिन!

पण हाउन्सलोचे खेळाडू मैदान सोडेपर्यंत अपील करता येतं. ते अजून हात मिळवत होते. पॅमने पेन्सिल वर केली, की सगळं संपणार होतं. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी मान खाली घालून माझ्या चौकटीत अनिकेतचा फटका लिहिला. त्याच वेळी शेजारी टॉफीच्या डब्याचं झाकण वाजल्यासारखं वाटलं.

हाउन्सलोचे लोक हळूहळू मैदानाबाहेर आले. बॅगा भरल्या. अंपायर गाडीकडे गेला.

"अभिनंदन, डॉक," पॅम म्हणाली. तिचं बुक बंद होतं. डबाही बंद.

पुढची कित्येक वर्षं मी सुमतीला विचारत होतो, "झाकण वाजलं होतं का गं?" ती म्हणायची, "अहो, त्या आरडाओरड्यात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता." मग मी स्वतःला समजावायचो. पॅम तेव्हा चहा ओतत असेल, चष्मा पुसत असेल, तिला दिसलंच नसेल. प्रशांत-अनिकेतना मी काही बोललो नाही. पॅम नंतरही दरवर्षी भेटायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची. विचारायचं धैर्य मला झालं नाही.

आमची टीम अजून खेळते. हाउन्सलोची बंद पडली. पॅम गेल्यावर तिची मुलगी तिची सगळी स्कोअरबुकं एका खोक्यात घालून आमच्या मैदानावर घेऊन आली. म्हणाली, "आईने सांगून ठेवलं होतं, ही डॉकला द्या."

मी ते पान शोधलं. उन्हात धरून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. तिसऱ्यांदा सुमतीला दाखवून खात्री करून घेतली.

शेवटच्या इनिंगच्या शेवटच्या चौकटीत लाल टिंब होतं.