भिंत चढणारा मासा आणि मगदूम सर

मगदूम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गारगोटीच्या बाजारात, वेदगंगेचे मासे विकणाऱ्या मावशींच्या पाटीपुढे. सर एका माशाचा जबडा उघडून आत डोकावत होते. मावशी कडाडल्या, "पावणं, घ्यायचा न्हाय तर दात कशाला बघतासा? सोयरीक जुळवायची हाय व्हय?" सरांनी हसत मासा विकत घेतला. ज्यांच्या घरी कांदासुद्धा शिजत नाही ते गृहस्थ त्याचं करणार काय, हे मला कॉलेजात त्यांच्या वर्गात गेल्यावर कळलं. मासा तिथे काचेच्या बरणीत होता.

नदीकाठचे वाळुंज, उंबर, डोहातली वाम यांची ओळख सर घरच्या माणसांसारखी करून देत. पण त्यांचा जीव अडकला होता दूरच्या बेटावरच्या एका माशात. हा बोटभर मासा पिल्लू असताना नदीतून समुद्रात वाहून जातो आणि पुढे धबधब्याची भिंत चढून परत येतो, असं ते सांगत. त्यांनी हे फक्त वाचलं होतं. सहकारी चिडवत, "शिडी लावून चढतोय काय ओ?" सरांना ते लागायचं.

नव्वदच्या दशकात, निवृत्तीला वर्ष उरलं असताना, सर आम्हा सहाजणांना घेऊन अंदमानला गेले. केवड्याच्या आणि वेतांच्या जाळ्यातून वाट काढत आम्ही धबधब्याशी पोचलो आणि मी किंचाळलेच, "सर, चढतोय की ओ!" ओल्या कातळाला चिकटून, थांबत थांबत, तो खरंच वर सरकत होता! सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कॅमेरा मात्र येतानाच पाण्यात पडून बंद पडला होता. म्हणून मी मासा अलगद बरणीत घेतला. आता कोण हसतंय बघू!

सरांनी बरणीत पाहिलं. "समुद्रातनं इथवर आलाय बाई. दोनच हात चढायचं राहिलंय त्याचं." त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याला होता तिथेच कातळावर ठेवलं. तो वर पोचेपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही.

कोल्हापुरात परतल्यावर प्राध्यापकांच्या भर सभेत सर म्हणाले, "पाहिला, पण आणला नाही." सभागृह हसलं. मला इतका संताप आला! सर शांतपणे खाली बसले.

गेल्या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच धबधब्यावर गेले. या वेळी फोटो मिळाला. तो या गौरव अंकात शेजारच्या पानावर छापला आहे. हसलेल्यांनी जरूर पाहावा. त्या संध्याकाळी टेलिफोन बूथवरून सरांना फोन केला, "सर, सापडला! फोटो काढला!" पलीकडून सरांनी एवढंच विचारलं, "वर पोचला न्हवं?"

सर, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी ठणठणीत गाठायची. पुढच्या प्रत्येक तुकडीला मी तिथे नेणार आहे. संध्याकाळी फोन येईल, तो तुम्हीच उचलायचा. आणि हो, पोचला, सर.