कॅलेंडरमागचा पिवळा रंग

रोह्याला आत्याच्या बाहेरच्या खोलीत एक जपानी चित्र होतं. आतोबांच्या कंपनीत यंत्र बसवायला आलेल्या जपानी पाहुण्याने जाताना दिलेलं. खालच्या कोपऱ्यातून एका बाईचे केस उसळलेले. जांभळे, पोपटी, राणी रंगाचे, बघता बघता डोळे गरगरावेत असे. उरलेला सगळा कागद नुसता पिवळा. त्या पिवळ्यावर आत्याने खिळा ठोकून कॅलेंडर लटकवलं होतं.

"एवढी जागा वाया घालवलीन," ती म्हणाली. "गांजा ओढून बसला असंल, अर्ध्यावर झोप लागली."

मी कॅलेंडर उचलून बघितलं. ते असताना केस नुसते गुंतलेले दिसत. काढलं की धावायला लागत. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. हे असं का होतं, हा किडा डोक्यात घेऊनच मी पेणला परतले.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. तिथे मोकळं काही सोडायची रीतच नाही. उंदराच्या शेपटीलासुद्धा सोनेरी रेघ. नव्वदीतली ती वर्षं, मी कॉलेजात होते आणि माझ्या वाट्याला उंदीर आणि पाट येत. मला हवी होती आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. ते फक्त बाबांचं. "हात बसू दे," हे त्यांचं दरवर्षीचं उत्तर, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्या वर्षी आत्याच्या गणपतीमागचा पडदा मी रंगवला. कोपऱ्यातून जांभळ्या-पोपटी लाटा काढल्या, बाकी पिवळा सोडला.

"उरलेला कधी करणार?" बाबांनी विचारलं.

"झाला."

ते सोनेरी रंगाची वाटी घेऊन पडद्यासमोर बसले. कुंचला उचलायचे, जागा शोधायचे, परत खाली ठेवायचे.

"कुठं टेकवला तरी बिघडंल," शेवटी म्हणाले. "हितं थांबायचं, हे तुला कसं कळलं?"

मी सोनेरी रंगाची वाटी उचलून फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या मूर्तीची आखणी होती. दोन्ही डोळे एकाच हाताने आखायचे, नाहीतर नजर फाकते, असा आमच्याकडचा नियम. बाबांनी उजवा डोळा काढला आणि कुंचला माझ्यापुढे धरला.

"नजर फाकेल ना," मी म्हटलं.

"फाकू दे थोडी."

रोह्यात आत्याच्या बाहेरच्या खोलीत मूर्ती पाटावर बसली. आत्याने ती बराच वेळ निरखली. "दादा, हा सरळ बघत नाय. डावा डोळा कुणी काढला?"

"हिनं."

देवाची नजर जात होती तिकडे आत्या वळली. डावीकडच्या भिंतीवर ते चित्र होतं. "कॅलेंडर बघतोय व्हय," ती म्हणाली. "देवाला कशाला तारखा?" आणि तिने ते उतरवलं.

बाबांनी ते चित्र प्रथमच पुरतं बघितलं. पूजेची घाई चालली होती, तरी हात मागे बांधून ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"पुढच्या वर्षी दोन्ही तूच काढ," मागे न वळता ते म्हणाले.