आमच्या लॅबमध्ये साबण चालत नाही!

चहाला बसलं की एकाला एक किस्सा आठवतो, दुसरा त्याला आपला जोडतो, आणि चहा थंड! आमची बुऱ्हाणपूरची पाणी तपासायची लॅब आहेच तशी. पाण्यात फॉस्फेट किती, ते शोधायचं. औषध टाकायचं, जितकं निळं, तितकं फॉस्फेट; तो निळेपणा मशीन मोजतं. शेजारी शुद्ध पाण्याची नळी ठेवायची, ती 'ब्लँक'. तिने निळं व्हायचं नाही, एवढीच तिची नोकरी!

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते. नव्या नीलिमा मॅडमनी आदल्या दिवशी हौसेनं सगळ्या नळ्या कपड्यांच्या पावडरीनं चकाचक केल्या. अहो, त्या पावडरीतच फॉस्फेट! आम्ही नळ्या नुसत्या ॲसिडनं धुतो. पूजा झाली, टेस्ट लावली, तर ब्लँकच निळीशार! आमचे साहेब, पाटील सर, म्हणाले, "मॅडम, या हिशोबानं शुद्ध पाणीच सगळ्यात खराब निघालं की!"

सरांना स्वतःच्या नजरेचा भारी तोरा. "मशीन बाद में, आधी माझी नजर!" एकदा लाईट गेली, तर सरांनी नुसतं बघून आकडा सांगितला. लाईट आली, मशीननं तोच दाखवला. मग काय, तेव्हापासून जमिनीवर पाय नाहीत!

फोपनारच्या कमलकाकू म्हणजे आमचं खास गिऱ्हाईक. गावचं तळं फॉस्फेटवर पोसलेल्या शेवाळानं हिरवंगार झालं होतं, गुरंही तोंड लावेनात. काकूंनी घरोघरी फिरून तळ्यावर कपडे धुणं बंद करवलं. बाया कुरकुरल्या, "इतक्या लांब हापशावर कोण जाईल?"

फरक पडला का बघायला काकू पाणी घेऊन आल्या, ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत! कोल्ड्रिंकमध्येही फॉस्फेट असतं. गडद निळं!

पुढच्या वेळी आमची बाटली दिली. या वेळी पाणी भरलं काकांनी, केळीला खत टाकता टाकता.

"काका, हात धुतले होते ना?"

"हो तर! तिथंच, तळ्यात!"

मी कपाळावर हात मारला. खतातही फॉस्फेटच!

तिसऱ्यांदा काकू स्वतः भरून घेऊन आल्या, पण चेहरा उतरलेला. "बाया म्हणतात, आज फरक नाही दिसला तर उद्यापासून परत तळ्यावर. आता माझं कोणी ऐकणार नाही हो."

नीलिमा मॅडमनी औषध टाकलं. काकू पदर तोंडाला लावून बसल्या. थोड्या वेळानं मॅडमनी दोन नळ्या सरांसमोर धरल्या, चिठ्ठ्या मागच्या बाजूला.

"सर, मशीनच्या आधी तुमची नजर. यातली ब्लँक कोणती?"

सर हसले. "ये भी कोई पूछने की बात है?" चष्मा वर केला, नळ्या खिडकीकडे धरल्या. एकदा ही बघितली, एकदा ती. परत ही. मग उजवीवर बोट ठेवलं. "ही. हंड्रेड परसेंट!"

मॅडमनी नळी फिरवली. काकूंनी चिठ्ठी वाचली आणि उभ्याच राहिल्या.

"अहो सर, ही तर आमची फोपनारची!"